घरासमोरचा रस्ता सुरक्षित कसा करायचा: चालणारे, सायकलवाले आणि गाडीवाले, तिघांसाठी

वस्तीतल्या रस्त्यावर गाड्या सुसाट जायला लागल्या की मागण्या ठरलेल्या असतात. गतिरोधक घाला, ‘सावकाश चालवा’ची पाटी लावा, पोलीस उभा करा. पोलीस चार दिवस उभा राहतो आणि जातो. पाटी पहिल्या आठवड्यानंतर कुणाला दिसत नाही. गतिरोधक बरेचदा चुकीच्या मापाचा असतो आणि चुकीच्या जागी पडतो. रस्ता मात्र होता तसाच राहतो: रुंद, सरळ, कोपऱ्यावर ऐसपैस वळणारा. असा रस्ता चालकाला वेग वाढवायला सांगतो आणि बाजूची पाटी कमी करायला. दोघांत रस्त्याचंच ऐकलं जातं.

म्हणून इथे भर दोन गोष्टींवर आहे. आधी मोजायचं, मग रस्त्याचा आकार बदलायचा. लोकांना समजावण्याचं काम शेवटी येतं आणि त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवायची नाही.

आधी वेगाचं गणित

पुढे शेजाऱ्यांशी आणि अधिकाऱ्यांशी बोलताना हे गणित तोंडपाठ असलेलं बरं. समोर काही अनपेक्षित दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सर्वसाधारण चालकाला साधारण दीड सेकंद लागतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या वेळात साडेबारा मीटर पुढे जाते, आणि रस्ता कोरडा व ब्रेक चांगले असतील तर आणखी पाच मीटरांत थांबते. एकूण साडेसतरा मीटर. हीच गाडी ५० च्या वेगाने असेल तर दीड सेकंदात ती जवळपास २१ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे १८ मीटरवर एखादं मूल अचानक रस्त्यात आलं, तर ३० वाली गाडी त्याच्या अलीकडे थांबते. ५० वाल्या गाडीचा ब्रेक तोवर दाबलाही गेलेला नसतो. ती पूर्ण वेगाने आदळते. ४० वाल्याने ब्रेक नुकताच दाबलेला असतो, त्यामुळे त्याची धडकही ३५ च्या वरच्याच वेगाने होते.

धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ५० ची धडक ३० च्या धडकेच्या पावणेतीन पटींहून थोडी अधिक जोरदार असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्के वाढतो. उलट बाजूनेही हे खरं आहे, आणि आपल्याला तीच बाजू हवी आहे. सरासरी तीन-चार किलोमीटरने जरी खाली आली तरी तो किरकोळ फरक नव्हे.

‘मग आम्हाला पोहोचायला उशीर होईल’ हा आक्षेप हमखास येतो. अर्धा किलोमीटर अंतर ५० च्या वेगाने ३६ सेकंदांत संपतं, ३० च्या वेगाने एका मिनिटात. फरक २४ सेकंदांचा, तोही वाटेत एकदाही थांबावं लागलं नाही असं धरून.

पायरी १: रस्ता चालून बघा, वेगवेगळ्या उंचीवरून

रस्त्याचा एक साधा नकाशा कागदावर काढा. प्रमाणात नसला तरी चालेल. त्यावर पदपथ, फाटे, झाडं, दिव्यांचे खांब, गाड्या लावण्याच्या जागा, शाळेचं किंवा बागेचं फाटक, बसथांबा हे सगळं मांडा. मग तोच रस्ता निदान चार वेळा चाला: शाळा भरताना, भर दुपारी, संध्याकाळच्या गर्दीत आणि रात्री. पाऊस पडत असताना एक फेरी जमली तर उत्तम, कारण पाणी कुठे साचतं आणि ते चुकवायला माणसं रस्त्यात किती आत येतात हे फक्त तेव्हाच कळतं.

चालताना एकटे जाऊ नका. काठी घेऊन चालणारे कुणी, बाबागाडी ढकलणारे कुणी, रोज सायकल चालवणारं एखादं माणूस आणि रोज त्याच रस्त्याने गाडी काढणारं एखादं माणूस, असे चौघे सोबत असतील तर चार वेगळे रस्ते दिसतील. चाकाच्या खुर्चीवरचं कुणी आलं तर पदपथाच्या त्रुटी पाच मिनिटांत उघड्या पडतात. कुठे उतार नाही, कुठे मधोमध खांब आहे, कुठे फरशी उचलली गेली आहे.

प्रत्येक कोपऱ्यावर फोन जमिनीपासून एक मीटर उंचीवर धरा आणि येणाऱ्या रहदारीच्या दिशेने फोटो काढा. लहान मुलाच्या डोळ्यांची उंची साधारण तेवढीच असते. आपल्याला गाड्यांच्या टपांवरून पलीकडचं दिसतं. त्या फोटोत बहुतेक वेळा नुसतं एखाद्या गाडीचं दार दिसेल. पुढे अर्ज कराल तेव्हा पानभर मजकुरापेक्षा हा एक फोटो जास्त काम करतो.

पायरी २: मोजा

‘गाड्या फार जोरात जातात’ या वाक्याला कुठलीच यंत्रणा दाद देत नाही. ‘शंभरातल्या पंधरा गाड्या ४८ च्या वर जातात’ म्हटलं की उत्तर द्यावं लागतं.

वेग मोजायला रडार गन लागत नाही. रस्त्याच्या सरळ भागात मोजपट्टीने ५० मीटर अंतर घ्या आणि दोन्ही टोकांना पदपथावर खडूची खूण करा. गाडीची पुढची चाकं पहिल्या खुणेवरून दुसऱ्या खुणेपर्यंत जायला किती सेकंद घेतात ते स्टॉपवॉचवर बघा. सहा सेकंद लागले तर वेग ३०, साडेचार लागले तर ४०, ३.६ लागले तर ५० आणि तीनच लागले तर ६०. हाताच्या स्टॉपवॉचमध्ये पाव सेकंदाची चूक सहज होते आणि वेगवान गाडीच्या बाबतीत ती मोठी ठरते. म्हणून शक्य असेल तर फोन स्टँडवर किंवा खिडकीत स्थिर ठेवून व्हिडिओ काढा आणि नंतर सावकाश चालवून वेळ मोजा. हे व्हिडिओ मोजणीपुरतेच ठेवा. कुणाचा चेहरा किंवा गाडीचा क्रमांक दिसेल असं काही ग्रुपवर टाकलंत, की वाद रस्त्याचा न राहता त्या माणसाचा होतो.

मोजताना मोकळ्या जाणाऱ्याच गाड्या धरा. पुढच्या गाडीमागे अडकलेली गाडी स्वतःचा वेग ठरवत नसते. साधारण शंभर गाड्या झाल्या की सगळे वेग हळूपासून जलद असे क्रमाने लावा आणि ८५ व्या गाडीचा वेग बघा. वाहतूक अभियंते हाच आकडा वापरतात. सरासरीपेक्षा तो उपयोगी, कारण धोका सरासरी चालकाकडून फार नसतो. तो वरच्या टोकाच्या काही जणांकडून असतो. मोजणाऱ्याने रस्त्यापासून थोडं आडोशाला बसावं. चमकदार जाकीट घालून हातात वही घेऊन उभं राहिलं की सगळ्या गाड्या शहाण्या होतात.

दुसरी मोजणी थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची. वस्तीच्या एका रस्त्यावर वर्षाला अपघात थोडेच होतात, त्यामुळे नुसत्या अपघातांच्या नोंदीवरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय रस्ता फारच भीतीदायक झाला की लोक मुलांना पायी पाठवणं बंद करतात, वयस्कर माणसं घरी बसतात आणि नोंदवही कोरी राहते. ‘इथे तर अपघातच होत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, इथून चालतं कोण? थोडक्यात वाचलेले प्रसंग मात्र रोज घडतात. करकचून मारलेला ब्रेक, अचानक वळवलेलं हँडल, अर्धा रस्ता ओलांडून मागे फिरलेला माणूस, धावत सुटलेलं मूल. स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठाने अशा प्रसंगांवरून धोका मोजण्याची रीतसर पद्धतच विकसित केली. आपल्याला तेवढं शास्त्र लागत नाही. दोन जणांनी एका कोपऱ्यावर दोन तास बसून प्रत्येक प्रसंगाची वेळ, जागा आणि कोण कुठून कुठे जात होतं एवढं लिहिलं तरी नकाशावर ठिपक्यांचे पुंजके दिसायला लागतात.

तिसरी मोजणी आरपार जाणाऱ्या गाड्यांची. रस्ता दोन मोठ्या रस्त्यांना जोडत असेल आणि नकाशाचं ॲप सगळ्यांना तुमच्या गल्लीतून वळवत असेल, तर अर्धं दुखणं तिथेच आहे. दोन्ही टोकांना एकेक जण बसवा. प्रत्येकाने गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे तीन-चार आकडे आणि वेळ लिहायची. एकच आकडा दोन-तीन मिनिटांत दोन्ही याद्यांत आला तर ती गाडी इथली नव्हे, शॉर्टकट मारणारी. हिशोब झाला की त्या याद्या नष्ट करा. अशा गाड्यांचं प्रमाण मोठं निघालं तर नुसता वेग कमी करून भागणार नाही, वाटच बदलावी लागेल. त्याबद्दल पुढे येतंच.

पायरी ३: एकच जागा निवडा

नकाशावर ठिपके सर्वांत दाट जिथे पडतील तिथून सुरुवात करा. सगळ्या रस्त्याचा आराखडा एकदम मागितला की तो अंदाजपत्रकात अडकतो. बहुतेक वेळा ही जागा म्हणजे एखादा कोपरा असतो, म्हणून कोपऱ्याबद्दल जरा विस्ताराने.

कोपऱ्यावर तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतात: गाडी वळते, माणूस ओलांडतो, सायकल सरळ जाते. तिघांनाही एकमेकांना बघायला आणि निर्णय घ्यायला वेळ हवा असतो. तो वेळ दोन कारणांनी कमी पडतो, एक तर दिसत नाही आणि दुसरं, गाडी वेगात वळते.

दिसावं म्हणून कोपऱ्यापासून निदान सहा मीटरांत गाडी उभी करू देऊ नका. कॅलिफोर्नियात ओलांडण्याच्या जागेआधी २० फूट म्हणजे सहा मीटर मोकळे ठेवण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला, आणि अमेरिकेतल्याच होबोकेन या छोट्या शहराने असे कोपरे मोकळे करण्याचं काम वर्षानुवर्षं चिकाटीने केलं. तिथे जानेवारी २०१७ नंतर सलग सात वर्षं रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. त्यांनी इतरही बरंच केलं, त्यामुळे सगळं श्रेय एका उपायाला देता येणार नाही. पण इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. फक्त ‘गाडी लावू नये’ अशी पिवळी रेघ मारून थांबू नका, रेघेवर गाडी उभी राहतेच. त्या जागेत सायकलींचे स्टँड, बुटक्या कुंड्या किंवा खांब ठेवा. बुटक्या हा शब्द महत्त्वाचा: साठ-सत्तर सेंटिमीटरपेक्षा उंच झाड लावलंत तर गाडी गेली आणि झुडूप आलं, एवढाच फरक. मोठी झाडं असतील तर ती तोडायची नाहीत. त्यांच्या फांद्या माणसाच्या डोक्याच्या बऱ्यापैकी वर, अडीच मीटरपर्यंत छाटल्या की पुरे.

वेग कमी व्हावा म्हणून वळण आवळा. पदपथाची कड कोपऱ्यावर मोठ्या गोलाईने वळलेली असेल तर गाडी ब्रेक न लावता वळते. तीच गोलाई तीन ते पाच मीटर त्रिज्येची केली की चालकाला वेग उतरवावाच लागतो. यासोबत पदपथाचं टोक रस्त्यात थोडं पुढे आणलं तर तिसरा फायदा मिळतो: ओलांडायचं अंतर घटतं. नऊ मीटरचा रस्ता दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर पुढे आणला तर सहा मीटरच ओलांडायचे उरतात. सावकाश चालणारं माणूस सेकंदाला ०.९ मीटर जातं. त्याला नऊ मीटरना दहा सेकंद लागत होते, आता सात लागतील. दहा सेकंदांत ५० च्या वेगाची गाडी जवळपास १४० मीटर येते, म्हणजे पाय रस्त्यात टाकताना त्या माणसाला १४० मीटरपर्यंतचा रस्ता रिकामा दिसायला हवा होता. वस्तीतल्या किती रस्त्यांवर एवढं लांबचं दिसतं?

मोठ्या गाड्या वळतील का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो आधीच सोडवा. कचऱ्याची गाडी आणि अग्निशमन गाडी यांची वळण्याची वाट जमिनीवर खडूने आखून बघा किंवा त्या विभागाच्या चालकाला प्रत्यक्ष बोलवा. रोज न येणाऱ्या मोठ्या गाडीसाठी गोलाईच्या आत चाकं चढू शकतील असा बुटका, खडबडीत पट्टा ठेवता येतो. लहान गाड्या त्यावरून जाणं टाळतात.

पायरी ४: गतिरोधक हवाच असेल तर मापाचा हवा

गतिरोधकाला माझा विरोध नाही, पण दिसेल तिथे ढिगारा करण्याला आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत यावर नीट प्रयोग झाले. त्यांत दिसलं की अरुंद, उंच उंचवटा हळू जाणाऱ्याला जास्त हादरवतो, आणि जोरात गेलं की तो धक्का स्प्रिंगच पचवतात. म्हणजे शिस्तीत चालणाऱ्याला शिक्षा आणि बेफामाला सूट. त्या प्रयोगांतून जो आकार पुढे आला तो लांबट होता: गाडीच्या दिशेने ३.७ मीटर लांबी, मधोमध ७५ ते १०० मिलिमीटर उंची, वरून सौम्य गोलाई. यावर वेग जितका जास्त तितका धक्का जास्त, आणि ठरलेल्या वेगाने गेलं तर जवळजवळ जाणवत नाही.

एकच गतिरोधक टाकून उपयोग होत नाही. चालक त्याच्याआधी ब्रेक मारतो आणि नंतर भरपाई म्हणून जोर लावतो. आवाज, धूर आणि चिडचिड तेवढी वाढते. ६० ते १०० मीटरांच्या अंतराने मालिका असेल तर वेग सपाट राहतो. वळणावर किंवा तीव्र उतारावर ते टाकू नयेत. दुचाकी आणि सायकल तिथे घसरतात. रात्री चमकणारा रंग आणि आधी सूचना नसेल तर गतिरोधक स्वतःच अपघाताचं कारण होतो. कडेला पाणी वाहून जायला फट ठेवा, पण ती इतकी रुंद नको की दुचाकी तिथून निसटेल. सायकलींची ये-जा जास्त असेल तर चढ-उतार लाटेसारखा हळुवार सुरू होणारा आकार मागा.

रुग्णवाहिका आणि बसच्या मार्गावर पूर्ण रुंदीच्या गतिरोधकाऐवजी सुटे चौकोनी उंचवटे बसवतात. रुंद गाडीची चाकं त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात, लहान गाडीला मात्र एक तरी चाक वर चढवावं लागतं.

यापेक्षा मला आवडतो तो उंचावलेला ओलांडणीमार्ग. झेब्रा क्रॉसिंगच पदपथाच्या उंचीला आणायचं आणि दोन्ही बाजूंना उतार द्यायचा. चालणाऱ्याला खाली उतरावं लागत नाही, चाकाची खुर्ची सरळ जाते आणि गाडीवाल्याला कळतं की इथे चालणाऱ्याच्या हद्दीतून आपण जातोय. दृष्टिहीन व्यक्तीसाठी मात्र कडेला पायाला जाणवणारी ठिपक्यांची फरशी हवीच, नाहीतर पदपथ कुठे संपला हे त्यांना समजणार नाही.

पायरी ५: रस्ता अरुंद करा, वाट आडवा

गाड्यांची मार्गिका साडेतीन-चार मीटर रुंद असेल तर ती तीन मीटरवर आणा. उरलेली जागा पदपथाला, सायकलीला किंवा झाडांना द्या. नुसत्या पांढऱ्या रेघेनेही थोडा फरक पडतो, पण कडेला काहीतरी उभं असलं की जास्त पडतो.

आरपार गाड्यांचं प्रमाण मोठं निघालं असेल तर रस्त्यात एका ठिकाणी खांब किंवा कुंड्या ठेवून गाड्यांची आरपार वाट बंद करता येते. चालणारे आणि सायकली निघून जातात. प्रत्येक घरापर्यंत गाडी पोहोचते, फक्त दोन्ही टोकं गाडीने जोडलेली राहत नाहीत. मधला एक खांब कुलूप काढून आडवा होणारा ठेवा, म्हणजे अग्निशमन गाडीला वाट राहते. हा उपाय सर्वांत परिणामकारक आहे आणि सर्वांत जास्त भांडणंही यावरूनच होतात. शेजारच्या समांतर गल्लीत ती रहदारी जाणार का, हे आधी तपासा आणि त्या गल्लीतल्या लोकांना पहिल्याच बैठकीला बोलवा. नंतर बोलावलंत तर ते विरोधक म्हणून येतील.

नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात मुलांच्या अपघाती मृत्यूंविरुद्ध पालकांनी मोठं आंदोलन उभारलं. त्याच काळात तिथे घरांमधले रस्ते वाकडे, अरुंद, झाडं आणि बाकं असलेले करण्याची कल्पना रुजली आणि १९७६ मध्ये अशा रस्त्यांना कायद्यात वेगळं स्थान मिळालं. शाळेसमोरचा रस्ता भरण्या-सुटण्याच्या वेळेपुरता गाड्यांना बंद ठेवण्याची पद्धत इटलीतल्या बोल्झानोत १९८९ पासून आहे. दोन अडथळे आणि दोन स्वयंसेवक एवढ्यावर ती चालते.

पायरी ६: सायकलवाल्यांच्या खास अडचणी

सायकलवाल्याला पाठीमागच्या गाडीची भीती जास्त वाटते, पण वस्तीत त्याला बऱ्याचदा धोका असतो तो उभ्या गाडीच्या उघडणाऱ्या दाराचा आणि त्याच्यासमोरून वळणाऱ्या गाडीचा. उभ्या गाड्यांना चिकटून सायकलपट्टा रंगवला तर सायकल नेमकी दाराच्या टप्प्यात येते. असा पट्टा नसलेला परवडला. पट्टा पदपथ आणि उभ्या गाड्यांच्या मधे घ्या आणि दारासाठी जवळपास मीटरभर जागा सोडा, किंवा पट्टा न करता वेगच ३० वर आणून सगळ्यांना एकत्र चालू द्या. कमी रहदारीच्या गल्लीत दुसरा पर्याय बरा.

कडेच्या पाण्याच्या जाळ्या आवर्जून बघा. जाळीच्या फटी प्रवासाच्या दिशेला समांतर असतील तर बारीक चाक आत अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. जाळी काटकोनात फिरवून बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. मागणी करा, लगेच होण्यासारखी गोष्ट आहे.

पायरी ७: उजेड

ओलांडण्याच्या जागेच्या बरोबर डोक्यावर किंवा मागे दिवा असेल तर चालकाला माणसाची काळी आकृती दिसते. दिवा गाडी येते त्या बाजूला, ओलांडण्याच्या जागेच्या जरा अलीकडे हवा, म्हणजे माणूस समोरून उजळतो. दुतर्फा रहदारी असेल तर दोन दिवे. फांद्यांत लपलेला दिवा मोजू नका.

पायरी ८: आधी तात्पुरतं करून बघा

काँक्रीट ओतण्याआधी दोन ते चार आठवड्यांचा प्रयोग करा. कोन, रंग, पाण्याने भरलेले प्लॅस्टिकचे अडथळे, हलक्या कुंड्या आणि रात्री चमकणाऱ्या पट्ट्या एवढ्यात कोपरा आवळता येतो. परवानगी लेखी घ्या. दगड, विटा, टायर किंवा लोखंडी सळ्या रस्त्यात ठेवू नका. रात्री एखादा दुचाकीवाला त्यावर पडला तर जबाबदारी तुमची, आणि मोहीमही तिथेच संपते.

पहिल्या तीन-चार दिवसांच्या तक्रारींवरून निर्णय घेऊ नका. लोकांना नव्या आकाराची सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. मग पायरी २ मधली मोजणी त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा करा. हवामान, शाळेची सुट्टी, शेजारी चालू असलेलं खोदकाम यांची नोंद ठेवा, नाहीतर दोन मोजण्यांची तुलना कुणी मान्य करणार नाही. आकडा हलला नाही तर तेही प्रामाणिकपणे सांगा आणि रचना बदला. प्रयोग त्यासाठीच तर केला.

पायरी ९: अर्ज आणि बैठक

रस्ता नेमका कुणाच्या ताब्यात आहे हे आधी शोधा. एकाच रस्त्याचा डांबरी भाग एका विभागाकडे, दिवे दुसऱ्याकडे, झाडं तिसऱ्याकडे आणि वाहतुकीचे नियम चौथ्याकडे असू शकतात. अर्ज एका पानाचा असावा. वर जागा, मग मोजलेले आकडे, एक नकाशा, दोन फोटो आणि एकच स्पष्ट मागणी. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहू नका, त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. ‘ईशान्य कोपऱ्यावर सहा मीटरमध्ये पार्किंगबंदी आणि दोन महिन्यांसाठी प्रायोगिक खांब’ असं लिहा. पोच घ्या, तारीख लिहून ठेवा, उत्तर कधी अपेक्षित आहे ते विचारा.

शेजाऱ्यांच्या बैठकीत सर्वांत मोठा आवाज पार्किंगचा असतो. त्याला हसण्यावारी नेऊ नका. दोन गाड्यांची जागा जाणार असेल तर ती कुठे भरून निघेल, की निघणारच नाही, हे आधीच मोजून सांगा. ‘एकही जागा जाणार नाही’ असं खोटं आश्वासन दिलंत तर पुढचं काहीच कुणी ऐकणार नाही. अंगविकलांग व्यक्तीची राखीव जागा, सामान उतरवण्याची जागा आणि रुग्णवाहिका थांबण्याची जागा या तिन्हींना हात लावू नका. दुकानदार किंवा व्यावसायिक असतील तर त्यांच्याकडे येणारे लोक प्रत्यक्षात पायी येतात की गाडीने, हे एक दिवस मोजून घ्या. अंदाज दोन्ही बाजूंचे चुकतात.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये असं धोरण मान्य केलं की रस्त्यावरचा मृत्यू अटळ धरायचा नाही. माणूस चुकणारच हे गृहीत धरून रस्ताच असा बांधायचा की चुकीची किंमत जीव नसावी. ऑस्लोत २०१९ साली एकही पादचारी किंवा सायकलस्वार दगावला नाही, हेलसिंकीत त्याच वर्षी एकही पादचारी दगावला नाही. ‘हे आपल्याकडे शक्यच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी हे सांगायचं, पण सोबत हेही की त्या शहरांनी त्याआधी कित्येक वर्षं वेगमर्यादा खाली आणली होती आणि रस्त्यांचे आकार बदलले होते.

आपापल्या सवयी

यंत्रणा हलेपर्यंत थांबायची गरज नसलेल्या काही गोष्टी आहेत. गाडीतून उतरताना दाराकडचा हात न वापरता दुसऱ्या, लांबच्या हाताने दार उघडा. खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारी सायकल दिसते. सायकलीला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवा, तेवढी जागा नसेल तर मागे थांबा. वळताना आरशावर विसंबू नका, मान वळवा. पुढच्या खिडकीच्या कडेचा खांब एक अख्खा माणूस लपवू शकतो, म्हणून कोपऱ्यावर डोकं थोडं पुढे-मागे करून बघा. सायकलवाल्यांनी रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावायचाच, आणि वळू पाहणाऱ्या ट्रकच्या बगलेत कधीही शिरायचं नाही. चालकाला आपण आरशात दिसत नसतो. पायी चालणाऱ्यांनी उभ्या गाड्यांच्या मधून निघताना त्यांच्या बाहेरच्या कडेशी क्षणभर थांबावं.

काम झाल्यानंतर

पक्कं बांधकाम झालं की लोक विसरतात आणि सहा महिन्यांनी झेब्राचे पट्टे पुसलेले असतात, एक खांब वाकलेला असतो, मोकळ्या केलेल्या कोपऱ्यात कुणीतरी गाडी लावायला लागलेलं असतं. रस्त्यातल्या दोन-तीन घरांनी वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा शाळा सुरू होण्याआधी, अर्ध्या तासाची फेरी मारायची: रंग, दिवे, जाळ्या, फांद्या, खांब. त्याच दिवशी पन्नास गाड्यांचा वेगही मोजून वहीत लिहायचा. आकडा पुन्हा वर सरकायला लागला तर पुढच्या अर्जासोबत तीच वही जोडायची.